पाड्यावरचा धूर, भट्टीवरची झळ आणि हृदय



गेल्या वैशाखात आपली आरोग्य फेरी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर गेली होती. अंगणवाडीच्या ओट्यावर टेबल मांडले, रक्तदाबाचे यंत्र काढले आणि माणसे येऊ लागली. त्यात पन्नाशीतले एक बाबा होते. अंगावर मांस असे नाहीच; वजनकाट्यावर ४३ किलो. दंड इतका बारीक की यंत्राचा पट्टा करकचून बांधला तरी सैलच. आकडा आला १८४ वर ११०. सोबत डोंबिवलीहून आलेला एक तरुण कार्यकर्ता होता. तो म्हणाला, "यंत्र बिघडलंय, दुसरं आणू का?" दुसरे आणले. बाबांना पंधरा मिनिटे सावलीत बसवले, छोटा पट्टा लावला. आता आकडा १९० च्या वर गेला. दंडाच्या मानाने पट्टा मोठा असला तर रक्तदाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, हे डॉक्टरांनी आम्हाला त्या दिवशी समजावले. म्हणजे आजवर आपण पाड्यापाड्यांवर जी तपासणी केली, तिच्यातले काही आकडे कमीच लिहिले गेले असणार.

आमच्याकडे वाटायला एक छापील पत्रक होते. त्यावर लिहिलेले: रोज अर्धा तास चाला, वजन कमी करा, तूप-लोणी टाळा, ताण घेऊ नका. बाबा त्या दिवशी सकाळी दरीतून दोन खेपा पाणी घेऊन वर आले होते. तूप त्यांच्या घरात कधी आले असेल तर ते सणाला. मी पत्रक परत पिशवीत ठेवले.

हृदयविकार हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्या, खाऊन-पिऊन सुखी माणसांचा रोग, अशी आपली समजूत आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत तो दिसतोही. मग रानात राबणाऱ्या काटक माणसाच्या वाट्याला तो कसा आला? या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या ताटात आणि सवयींत जितके आहे, तितकेच तो जिथे राहतो, श्वास घेतो, कामाला जातो त्या जागेत आहे. मी डॉक्टर नाही. फेरीबरोबर पेटी उचलणारा कार्यकर्ता आहे. पण या निमित्ताने डॉक्टरांकडून जे समजून घेतले, वाचले आणि पाहिले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आपल्याच राज्यातली गोष्ट. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांमध्ये झालेल्या मृत्यूंची कारणे घरोघर जाऊन शोधली. अपेक्षा होती ती मलेरिया, जुलाब, क्षय यांची. प्रत्यक्षात पहिल्या क्रमांकावर निघाला लकवा. दर ७ मृत्यूंमागे साधारण १ लकव्याचा होता, आणि त्यातले बहुतेक रुग्ण घरीच गेले. लकवा मेंदूचा आणि झटका हृदयाचा असला, तरी दोन्हींची मुळे एकाच जागी आहेत: रक्तवाहिन्यांत आणि त्यांच्यातल्या दाबात. पुढे डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यावरील तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यात देशातल्या सुमारे दर ४ आदिवासी प्रौढांपैकी १ जणाला उच्च रक्तदाब असल्याचे म्हटले आहे.

आता कोणी म्हणेल, हे रक्तातच असेल, जातीवंशाचा गुण असेल. तसे नसावे, असे जगातली काही उदाहरणे सांगतात. १९८८ साली जगातल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांवर माणसांच्या रक्तदाबाचा आणि मिठाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासी होते. हे लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा सरासरी रक्तदाब होता ९६ वर ६१, आणि वय वाढले तरी तो वाढत नव्हता. आपण धरून चाललेलो असतो की केस पिकले की बीपी आलाच. तिथे तो येत नाही. २०१८ मध्ये त्यांचेच शेजारी असलेल्या येक्वाना समाजाची तपासणी प्रसिद्ध झाली. तेही जंगलातच राहणारे, पण त्यांच्या वस्तीजवळ विमानाची धावपट्टी झाली आणि बाहेरचे खारट, तयार अन्न येऊ लागले. त्यांच्यात वयाबरोबर रक्तदाब चढू लागलेला आढळला. बोलिव्हियातल्या त्सिमाने आदिवासींच्या हृदयाच्या रोहिण्या २०१७ साली सीटी स्कॅनने तपासल्या. ७०५ माणसांपैकी ८५ टक्क्यांच्या रोहिण्यांत चुन्याचा थर मुळीच नव्हता. ऐंशी वर्षांच्या त्सिमाने म्हाताऱ्याच्या रोहिण्या पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकन माणसासारख्या होत्या. ही माणसे शेती, शिकार, मासेमारी करतात आणि दिवसाचा मोठा भाग चालण्यात घालवतात.

पण मला सर्वांत जवळचे वाटले ते केनियाचे उदाहरण, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर दरवर्षी घडते. पश्चिम केनियात लुओ नावाचा समाज आहे. गावी राहणाऱ्या लुओंचा रक्तदाब कमी असे. त्यातले काही तरुण पोटासाठी नैरोबी शहरात जात. संशोधकांनी गावातल्या आणि शहरात आलेल्या माणसांना धरून महिनोन्महिने तपासले. शहरात आल्यावर थोड्याच काळात रक्तदाब वर गेलेला दिसला. लघवीतले सोडियम वाढले, म्हणजे मीठ जास्त पोटात गेले. पोटॅशियम घटले, म्हणजे भाजीपाला, कंद, फळे कमी झाली. नाडीचे ठोकेही वाढले. माणूस तोच, आईबाप तेच, जागा मात्र बदलली.

आपल्याकडे नैरोबीची जागा वीटभट्टी घेते. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे अर्धे रिकामे होतात. उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको, लहान मुले, कधी म्हातारी माणसेही भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. कच्च्या विटा रचून, वर पत्रा किंवा प्लास्टिक टाकून केलेल्या झोपडीत ते सहा-सात महिने राहतात. झोपडीपासून हाकेच्या अंतरावर भट्टी. तिच्यात कोळशाची भुकटी, भाताचे तूस जळत असते. रात्री वारा झोपडीकडे वळला तर सगळा धूर अंथरुणावर.

खाण्याचे बघा. घरी असताना नागलीची भाकर, वरईचा भात, उडीद, वाल, परसातला शेवगा, ओढ्यातले मासे-खेकडे. भट्टीवर आठवड्याची खावटी मिळते आणि तिच्यात जवळच्या दुकानातून जे परवडेल ते येते: तांदूळ, बटाटे, तिखट, मीठ, खारवलेली सुकी मासळी, मुलांच्या हातात पाच रुपयांची खारट पुडी. सुक्या मासळीला मी नावे ठेवत नाही, त्यांच्या ताटातले तेवढेच मांसान्न असते. पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, एवढेच मीठ पुरे म्हणते. मासळी आणि पुडी यांतूनच त्याचा मोठा वाटा होऊन जातो. मीठ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि हृदयाला तेच काम जास्त जोर लावून करावे लागते.

त्यावर उन्हाचा मार. उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, त्यासाठी हृदय जलद पळते. घामावाटे पाणी गेले की रक्त दाटते आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. पुरेसे पाणी आणि सावली असेल तर तरुण शरीर हे निभावते. ज्याचा रक्तदाब आधीच १८० आहे आणि ज्याला विटांच्या हिशेबामुळे दुपारी थांबता येत नाही, त्याच्या हृदयाला हा भार पेलवेलच असे नाही. मराठवाड्यातून उसाच्या फडावर जाणाऱ्या टोळ्यांची, चंद्रपूर-गडचिरोलीत भर उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणाऱ्यांची गत वेगळी नाही.

आणखी एक अडचण. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाबाची गोळी मोफत मिळते. पण केंद्र गावी आणि माणूस भट्टीवर. गोळ्या महिन्याभरात संपतात. भट्टीजवळच्या दवाखान्यात जायचे तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते आणि काही दुखत नसताना ती कोण बुडवील? रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची खोड. "मला काय बी होत नाय," असे आमचे ते बाबाही म्हणाले होते. ते गेली नऊ वर्षे भट्टीवर जात होते.

आता चुलीकडे येऊ. धूर म्हटला की आपण खोकला, दमा, डोळे चुरचुरणे एवढाच विचार करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंचे कारण हृदयविकार आणि लकवा हे होते. दमा-खोकल्याचा वाटा त्यांच्यापुढे लहान. असे का? धुरातले सर्वांत बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून लहान असतात. नाकातले केस, घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिथे सूज धरते आणि त्या सुजेचे पडसाद रक्तावाटे सगळ्या अंगभर जातात. रोहिण्यांचे आतले मऊ अस्तर खराब होते, त्या ताठरतात, त्यांच्यात थर साचतो, रक्त लवकर गोठू लागते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. मग कमी प्राणवायूवर हृदयाला तेच काम करावे लागते. विडीच्या धुराचेही असेच. घरात दुसरा कोणी ओढत असेल तर न ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. मशेरी आणि तंबाखू यांच्याविषयी मागे सविस्तर बोलणे झाले आहे, त्यामुळे इथे पुन्हा नको.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो, कारण ती सांगताना मला अवघडल्यासारखे होते. पूर्वीची घरे कुडाची. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवत किंवा नळीची कौले. चूल आतच असे, पण धूर कुडाच्या फटींतून, कौलांतून वाट काढी. आता घरकुले झाली. विटांच्या भिंती, वर पत्रा किंवा स्लॅब, आणि एक लहानशी खिडकी. तीही पावसाळ्यात बंद, कारण तिच्याखाली सरपण रचलेले. चूल तीच. धुराला आता बाहेरची वाट नाही. पक्के घर नको असे मी म्हणत नाही. साप-विंचू, गळके छप्पर, दर दोन वर्षांनी डागडुजी यांतून सुटका झाली याचा आनंद बायकांच्या तोंडून ऐकला आहे. पण घर बांधताना धुराड्याचा विचार कोणीच केला नाही. आपण ज्या घरांना हातभार लावला, त्यांच्यातही केला नाही.

गॅस आहे की, असे तुम्ही म्हणाल. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि पाड्यांवर सिलिंडर पोहोचले, हे खरेच मोठे काम झाले. पण भरलेला सिलिंडर आणायला जीपभाडे वेगळे, एकदम एवढे पैसे हाती असणे वेगळे. सरपण फुकट. त्यामुळे पुष्कळ घरांत गॅस पाहुण्यांच्या चहापुरता राहतो. इथे हृदयाचा एक आडमुठेपणा ध्यानात घ्यायला हवा. धूर अर्धा केला म्हणून धोका अर्धा होत नाही. धुराच्या पहिल्या थोड्या मात्रेतच धोका झपाट्याने चढतो आणि पुढे तो हळूहळू चढतो. म्हणून फायदा हवा असेल तर स्वयंपाकाचा बहुतेक भाग चुलीवरून उतरला पाहिजे. तरी काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात माया समाजाच्या घरांत उघड्या चुलीऐवजी धुराड्याची चूल बसवली, तेव्हा प्रौढ स्त्रियांचा खालचा रक्तदाब सरासरी ३ अंकांनी उतरला. ३ हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटेल. गोळी न घेता, गावातल्या सगळ्याच बायकांचा तेवढा उतरला तर तो किरकोळ राहत नाही.

शहरातल्या वाचकांनी मात्र हे दूरचे समजू नये. बाहेरच्या हवेतल्या याच बारीक कणांची वर्षाची सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे.

माणसाचा पहिला परिसर म्हणजे आईचे पोट, आणि ते यात विसरले जाते. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जुनी जन्मनोंदणीपुस्तके धुंडाळली. जन्मताना वजन कमी असलेल्या मुलांमध्ये पुढे म्हातारपणी हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅम कमी. पण कमी होते ते स्नायू आणि अवयव. चरबी त्या मानाने राखलेली होती. पोटात उपाशी राहिलेले बाळ जणू दुष्काळाची तयारी करून येते. पुढे त्याच्या वाट्याला पोटभर भात, साखर आणि मीठ आले की त्याच्या शरीराला ते झेपत नाही. गरोदर बाई भट्टीवर सातव्या महिन्यापर्यंत माती तुडवते, ते मी पाहिले आहे. तिच्या बाळाची पन्नाशी तिथेच घडत असते.

शेवटी एक आपल्या घरातलीच गोष्ट. वसतिगृहातली सातवीतली एक मुलगी पळण्यात पहिली यायची. मागच्या वर्षी स्पर्धेत ती मध्येच बसली. दम लागला म्हणाली. आम्हाला वाटले, अशक्तपणा. लोहाच्या गोळ्या दिल्या. महिन्याभराने ती रात्री आडवी झोपेना, बसून राही. तेव्हा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. हृदयाची एक झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी विचारले, वर्ष-दोन वर्षांत ताप येऊन गुडघे, घोटे सुजले होते का? तिच्या मैत्रिणींना आठवले. आधी घसा दुखला, मग ताप, मग आज गुडघा तर उद्या मनगट. आम्ही तेल चोळले होते.

याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू घशात शिरतात. त्यांच्याशी लढताना शरीराची फसगत होते आणि दोन-तीन आठवड्यांनी ते स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. सांधे बरे होतात, झडप होत नाही. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा हा रोग आहे आणि त्याला सर्वांत जास्त आवडते ती दाटी. घशातले जंतू खोकल्याशिंकेतून पसरतात. मुले जितकी जवळ झोपतात तितके ते सहज पसरतात. युरोप-अमेरिकेत हा रोग पेनिसिलिन येण्याच्या आधीच उताराला लागला होता, कारण घरे मोठी झाली होती, दाटी कमी झाली होती. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या दाटीच्या वस्त्यांत तो आजही ठाण मांडून आहे. न्यूझीलंडने तर २०१३ पासून माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील कुटुंबांसाठी घरांची दाटी आणि ओल कमी करण्याची योजना याच रोगासाठी सुरू केली. म्हणजे हृदयाच्या उपचारात तिथे खाट आणि खोली आली.

आपल्या वसतिगृहात ४० मुलींच्या खोलीत ५२ मुली झोपत होत्या. कोणालाही नाही म्हणवत नाही, म्हणून. या प्रेमाचा हिशेब त्या मुलीच्या झडपेने चुकता केला की नाही, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण डॉक्टरांनी खोली पाहिली आणि मान हलवली. घसादुखी सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन मिळाले तर हा ताप टाळता येतो. आम्हाला हे माहीत नव्हते. दर आठवड्याला केसांतल्या उवा पाहणाऱ्या आम्ही लोकांनी घसे कधी पाहिले नव्हते.

आता जेवणाच्या दालनाचा अर्धा भाग निजायला काढला आहे, दोन अंथरुणांत हातभर अंतर ठेवले आहे. मुलींनी घसा दुखला की लगेच ताईंना सांगायचे आणि ताईंनी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचे, असे ठरले आहे. भट्टीवर जाणाऱ्या माणसांच्या रक्तदाबाच्या नोंदी एका जाड कागदाच्या पत्रावर लिहून त्यांच्याच हाती द्यायला सुरुवात केली. त्यावर गोळीचे नाव आणि शेवटचा आकडा असतो, म्हणजे भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात पहिल्यापासून सांगावे लागत नाही. होळीनंतर दोन भट्ट्यांवर यंत्र आणि लहान पट्टे घेऊन जायचे आहे. ज्यांच्या ओळखीतले डॉक्टर एखादा रविवार देऊ शकतील त्यांनी कळवावे.

त्या मुलीला आता दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणखी पुष्कळ वर्षे. तिने स्वतःच वसतिगृहाच्या कालनिर्णयवर तांबड्या पेनाने तारखा करून ठेवल्या आहेत. मे महिन्याच्या सुट्टीतली एक तारीख आहे, तेव्हा तिचे आईवडील भट्टीवर असतील. ती सुट्टीत कुठे राहील, हे अजून ठरायचे आहे.